बोर्डावर सगळं हिरवं

सगळा दोष प्रभुदेसाई सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मध्येच 'अरे पण त्यांची पण बाजू असेल ना' सुरू करायला नको. त्यांची बाजू त्यांनी सगळीकडे सांगून झालीय. ही माझी.

आमच्या ऑफिसचे किस्से सांगायला बसलो की संपत नाहीत. परळला जुन्या गिरणीच्या आवारात काचेच्या केबिन टाकून केलेलं ऑफिस. सर्व्हरच्या कपाटामागे वायरींचा जसा गुंता साठलाय, तसेच हे किस्से साठलेत. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि प्रत्येकाच्या टोकाला प्रभुदेसाई सर लोंबकळत असतात.

आमचं काम काय ते एकदाच सांगतो. लॅबमध्ये रक्त तपासलं की रिपोर्ट हॉस्पिटलच्या डॉक्टरला त्याच्या स्क्रीनवर दिसायला हवा. तो आम्ही दाखवायचो. मागे बरेच सर्व्हर आणि त्यांच्या पुढे एक लोड बॅलन्सर. परळच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात केसपेपर काढायला गेला असाल तर दारावर वॉचमन असतो बघा, 'तुम्ही त्या खिडकीवर जा, तुम्ही ह्या.' लोड बॅलन्सर म्हणजे तो. पण खिडकीत माणूस बसलाय की चहाला गेलाय, हे त्याला कळायला हवं. म्हणून तो सारखा एकेका खिडकीला हाक मारतो, 'आहात का?' उत्तर आलं नाही की तिकडे माणसं पाठवणं बंद. ह्या हाकेला हेल्थ चेक म्हणतात.

कुठल्या सर्व्हरला काय विचारायचं आणि किती वेळाने, हे सगळं आमचे सावंत काका हाताने भरायचे. ते मी ऑटोमॅटिक करायचं, असं ठरलं. मी इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेला, म्हणून कॉन्ट्रॅक्टवर. 'हॉस्पिटलवाल्यांसमोर डेमो नीट झाला की तुझं पर्मनंटचं पत्र काढतो,' असं सर म्हणाले होते. मी घरी लालबागला सांगितलं आणि आईने त्याच दिवशी पूर्ण मजल्याला सांगितलं. म्हणजे आता मागे फिरायची सोय नाही.

*

सावंत काकांचे वडील ह्याच गिरणीत कामाला होते. त्यामुळे काका ऑफिसात वडिलोपार्जित खोलीत वावरावं तसे वावरायचे. नवीन सर्व्हर आला की जुन्याची सेटिंग कॉपी करायची, वरचं नाव बदलायचं आणि पाणी प्यायला उठायचं. आतला पत्ता बदलायचा राहून जायचा.

मी एकेक उघडून बघायला लागलो तर काय, एकाच सर्व्हरला चार वेगवेगळ्या नावांनी हाक मारली जातेय. तो बिचारा चारही वेळा 'आहे' म्हणतोय. बाकीच्या तिघांची खबर कुणीच घेत नव्हतं. त्यातला एक तर कधीच भंगारात गेला होता. लोड बॅलन्सर त्याच्याकडेही नियमाने डॉक्टर पाठवत होता! डॉक्टर फोन करायचे की रिपोर्ट कधी उघडतो, कधी नाही. आमच्याकडून त्यांना ठरलेलं उत्तर जायचं, 'तुमचं नेट स्लो आहे.'

मी काकांना दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाले, "मग काय झालं? चाळीत एकाला विचारलं की चौघांचं कळतंच की रे."

*

त्यानंतर सरांच्या डोक्यात आलं की आपलं सर्व्हरकडे लक्ष कमी पडतं. लक्ष म्हणजे त्यांच्या भाषेत सारखं विचारणं. त्यांनी काकांना सांगून सगळे हेल्थ चेक सेकंदासेकंदाला लावले, तेही तीन-तीन ठिकाणांहून.

सर्व्हर मान टाकायला लागले. येणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट द्यायचा की ह्यांना 'मी बरा आहे' सांगत बसायचं? बरं, धाप लागल्यामुळे उत्तर उशिरा आलं की लोड बॅलन्सर त्याला आजारी ठरवणार, त्याचं काम शेजारच्यावर टाकणार, मग शेजारचाही आडवा. सरांनी मीटिंग घेतली. निदान काय केलं? तपासणी कमी पडतेय, वाढवा.

माझ्या शेजारच्या टेबलावर निकिता बसायची. ऑफिसात डोकं चालणारं माणूस म्हणजे तेवढीच. ती शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या सासूबाई पण दर पाच मिनिटांनी विचारतात स्वयंपाक झाला का. म्हणूनच होत नाही."

सर म्हणाले, "विषयाला धरून बोल."

*

ह्याच काळात मार्केटिंगवाल्यांनी नवीन हॉस्पिटलांना दाखवायला तक्ते बनवले. आमच्या साइटवर येणाऱ्यांची रेघ अशी वर गेली होती की कागद पुरेना. सरांनी पेढे वाटले. गिरगावातल्या आपल्या नेहमीच्या दुकानातून स्वतः घेऊन आले होते, म्हणजे आनंद किती खरा होता बघा.

मी हेल्थ चेकचा गोंधळ आवरला. एकाच ठिकाणाहून, बेताने, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पत्त्यावर. पुढच्या तक्त्यात रेघ धाडकन खाली. कारण ती येणारी गर्दी म्हणजे आमचाच वॉचमन होता, स्वतःच्याच खिडक्यांना हाका मारणारा. हॉस्पिटलचे डॉक्टर होते तेवढेच होते.

मी हे सरांना चित्र काढून समजावलं. सरांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण तू आलास आणि लोक येईनासे झाले, हे तर खरं ना?"

पेढे मी खाल्ले होते, हे पण त्यांनी ऐकवलं.

*

आता सरांचा खरा आजार सांगतो. त्यांना 'नाही' हा शब्द चालायचा नाही. ऑफिसातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं की परत बोलावून 'येतो' म्हणायला लावायचे. पॅन्ट्रीतली साखर संपली तर 'संपली' म्हणायचं नाही, 'साखर वाढली' म्हणायचं. घरात आजी असं बोलली तर गोड वाटतं. पण ह्या माणसाने ते सर्व्हरला शिकवलं!

त्यांनी प्रत्येक सर्व्हरवर स्वतःच्या हाताने एक पान बनवून ठेवलं होतं. पानावर फक्त 'ओके' लिहिलेलं. हेल्थ चेक ते पान मागायचा, पान 'ओके' म्हणायचं, भिंतीवरच्या बोर्डावर हिरवा दिवा लागायचा. आत रिपोर्टचा डेटाबेस मरून पडलेला असला तरी दिवा हिरवाच. म्हणजे खिडकीत माणूस नाही आणि काचेवर 'आहे' अशी पाटी चिकटवलेली.

मी म्हटलं, सर, ह्याला तपासणी म्हणत नाहीत.

सर म्हणाले, "पाहुण्यांसमोर भिंतीवर लाल दिवा? अशुभ दिसतं ते."

*

मी ते पान बाद केलं. माझा हेल्थ चेक सर्व्हरला सांगायचा, एका खोट्या पेशंटचा रिपोर्ट खरोखर काढून दाखव. काढता आला तर तू बरा, नाही तर बाजूला हो. आणि ही सगळी सेटिंग एकाच फाइलमध्ये. तिथे एक ओळ बदलली की प्रोग्राम ती प्रत्येक सर्व्हरला लावणार. काकांची कॉपी-पेस्ट संपली, तशी काकांनी सुटकेची अशी जांभई दिली की मला बरं वाटलं.

खोट्या पेशंटला नाव हवं होतं. निकिताने 'प्रभुदेसाई' ठेवलं. दर थोड्या वेळाने सगळे सर्व्हर प्रभुदेसाईंचं रक्त तपासून बघायचे.

सरांना कळणार हे माहीतच होतं. केबिनमध्ये बोलावलं. मी नोकरी गेली असंच धरून आत गेलो. सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "हिमोग्लोबिन एवढं कमी का टाकलंस?"

वाढवून दिलं. मग मात्र त्यांना त्या फाइलमध्ये रस वाटायला लागला. "एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. मला वाटलं कौतुक चाललंय.

*

घरचाही एक सांगून टाकतो. बाबा बँकेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. कॉलेज सोडलं त्या दिवसापासून माझ्याशी बोलतात ते पेपर समोर धरून. एकदा खालच्या मसाल्याच्या गिरणीत डंखावर मिरच्या कुटणं चाललं होतं, अख्खी चाळ शिंकत होती, तेव्हा शिंकांच्या मधल्या वेळात त्यांनी विचारलं की तू तिकडे नेमकं करतोस काय.

मी सोपं करून सांगितलं. सगळ्या मशीनना विचारतो, बऱ्या आहात ना.

बाबांनी पेपर खाली केला. ते चिडले की मालवणीवर येतात.

"मशीनांक इचारतंस. माका कधी इचारलंस रे?"

मी इतकंच म्हटलं की पर्मनंट झालो की विचारतो. त्यांनी पेपर परत वर घेतला. पण त्या दिवसापासून रोज सकाळी विचारायचे, डेमो कधी आहे.

*

डेमोच्या दिवशी हॉस्पिटलचे तिघं आले. दोन ट्रस्टी आणि एक डॉक्टरबाई, केस पिकलेल्या, चपला साध्या. चहा झाला, बिस्किटं झाली. भिंतीवर बोर्ड हिरवागार.

मी आणि निकिताने ठरवलेलं असं होतं की सगळ्यांसमोर मीच एका सर्व्हरचा डेटाबेसशी संबंध तोडायचा. त्याचा दिवा लाल होणार, लोड बॅलन्सर त्याला आपोआप बाजूला करणार, रिपोर्ट मात्र बाकीच्यांकडून उघडत राहणार. तालीम झाली होती. मी संबंध तोडला. दिवा हिरवाच. मी परत बघितलं. हिरवाच.

तेवढ्यात निकिताच्या फोनवर दुसऱ्या हॉस्पिटलचा मेसेज आला की रिपोर्ट उघडत नाहीयेत. मी तोडलेल्या सर्व्हरवरचेच नाहीत, कुठलेच नाहीत. मुख्य डेटाबेस सकाळपासून आचके देत होता आणि आत्ता गेला होता. बोर्ड हिरवा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एखादा रिपोर्ट उघडून दाखवा ना."

सर हसले. "माझाच दाखव," मला म्हणाले.

पांढऱ्या स्क्रीनवर गोल फिरत राहिलं. सगळे त्या गोलाकडे बघत होते. मी दुसऱ्या खिडकीत ती फाइल उघडली. माझी ओळ गेलेली, त्या जागी सरांचं 'ओके'चं पान. एका जागी बदललेलं, म्हणून सगळीकडे. पूर्वी हीच चूक करायला काकांना आठवडा लागला असता. आणि प्रोग्रामने ती चहा ओतेपर्यंत उरकली होती.

मी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"सिस्टीम उत्तम आहे," ते पाहुण्यांना म्हणाले. "फक्त रिपोर्ट येत नाहीयेत."

डॉक्टरबाईंनी बोर्डाकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं. "आयसीयूमध्ये नातेवाइकांना आम्ही पण असंच सांगतो," म्हणाल्या आणि पर्स उचलली.

मग सरांनी आवाज खाली आणला, पण इतका नाही की मला ऐकू येऊ नये. "काय आहे, मुलगा हुशार आहे, पण कॉलेज अर्धवट सोडलेला. हे सगळं त्यानेच बसवलंय. आमची चूक, विश्वास टाकला."

निकिता उभी राहिली. मी तिला बस म्हणून खूण केली, तिला घराचे हप्ते आहेत. मी बॅग घेतली, डबा घेतला, चार्जर भिंतीतून काढला. दारात थांबलो आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणालो, "जातो."

बोर्डाखालून सावंत काकांचा आवाज आला, एकदम हळू. "ओंक्या, येतो म्हण रे."

"जातो, काका."

पर्मनंट व्हायची नोकरी होती. गेली.