दोन ट्रॅक्टर आणि एक पाणंद

निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा म्हणतात. मी छोट्या ट्रॅक्टरांचा लावून घेतला. ट्रॅक्टर घेण्याचा नव्हे, निवडण्याचा. घेण्यात एक दिवस जातो. निवडण्यात माझा अख्खा पावसाळा गेला, आणि खरं सांगायचं तर मजेत गेला.

नोकरीची सगळी वर्षं मी मुंबईत विम्याच्या कचेरीत काढली. आमची कलमांची बाग सांभाळली ती बायकोने. मी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी यायचो, हात मागे बांधून बागेतून हिंडायचो, "यंदा फळ बरं धरलंय" असं काहीतरी बोलायचो आणि आंबे घेऊन परत जायचो. कातळात खड्डे मारून, माती बाहेरून आणून, डोक्यावरून पाणी घालून तिने ती कलमं जगवली होती. कुठलं कलम कोणत्या वर्षी रुसलं, ते तिला पाठ. मला अजून हापूसच्या रांगेत पायरी कुठे आहे ते विचारावं लागतं.

मी निवृत्त होऊन आलो त्याच मे महिन्यात तिचा उजवा खांदा धरला. बागेतून रस्त्यापर्यंत आंब्याच्या पेट्या डोक्यावरूनच आणाव्या लागतात, माणसं वेळेला मिळत नाहीत, मग ही स्वतःच उचलणार. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात हवा असेल तर डोक्यावर ओझं बंद. परत येताना एसटीत ती म्हणाली, "छोटा ट्रॅक्टर घेऊ. पेट्या, पाण्याची पिंपं, फवारणी, सगळं त्याच्यावर होईल. दिवाळीपर्यंत आला तर ठीक, नाहीतर बाग कराराने देऊन टाकते."

बाग कराराने देणं म्हणजे काय, ते ज्याची बाग आहे त्यालाच कळेल. मोहोर येण्याआधी सौदा होतो. मग करारवाला त्याला हवं ते औषध मारणार, हवे तेव्हा आंबे उतरवणार, आणि आपण आपल्याच बागेत पाहुण्यासारखं जाऊन एक आंबा मागायचा. दोन करारवाले पूर्वी घरी येऊन गेले होते, त्यांना हिने चहा पाजून वाटेला लावलं होतं. तीच बाई आज खिडकीबाहेर बघत हे बोलत होती. मी छाती काढून म्हटलं, "ट्रॅक्टरचं तू माझ्यावर सोड." तिने सोडलं. तिचं चुकलं ते इथे.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक फेटेवाला शेतकरी काळ्याभोर जमिनीत ट्रॅक्टर घालायचा आणि तो सरळ रेषेत जात जात दिसेनासा व्हायचा. आमच्याकडे सपाट जमीन म्हणजे शाळेचं मैदान, आणि तेही एका अंगाला उतरतं. पण ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी अश्वशक्ती, हायड्रॉलिक, पीटीओ हे शब्द शिकलो आणि जेवताना घरात वापरायला लागलो. एकदा ही म्हणाली, "पीटीओ म्हणजे मागे तो दांडा फिरतो, ज्याच्यावर पंप चालतो, तो ना?" मला रागच आला. मी बरंच लांबलचक समजावून सांगणार होतो.

शेवटी दोन कंपन्या उरल्या. घरात आम्ही त्यांना लाल आणि निळा म्हणायचो. लालवाला हातखंब्याला. काचेचं शोरूम, गार हवा, विकणारा मुलगा "सर, सर" करणारा. त्याने मला सीटवर बसवलं. मी क्लच सोडला आणि ट्रॅक्टरने एकच उसळी मारून मान टाकली. "होतं सर पहिल्यांदा," तो म्हणाला. मग त्याने साधा प्रश्न विचारला, "बागेत जायची वाट किती रुंद आहे?"

"आहे की भरपूर," मी म्हणालो.

निळावाला राजापूरला, बाजारात. हा वयस्क गृहस्थ. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने माझं सगळं अश्वशक्तीपुराण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते राहू दे. वाट मोजलीत?"

"मोजायची काय त्यात, रोजची वाट," मी म्हणालो.

आता वाटेचं सांगायलाच हवं. आमच्या बागेत जाते ती एक अरुंद पाणंद. तिच्या एका अंगाला पऱ्या, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा, चांगला पुरुषभर खोल. दुसऱ्या अंगाला माझ्या चुलतभावाचा गडगा, जांभ्याचे चिरे रचून घातलेली कुंपणाची भिंत. डोक्यावर पेटी घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं. हा गडगा माझ्या काकाने घातला, माझ्या वडलांशी हद्दीवरच्या फणसावरून भांडण झालं तेव्हा. फणस तरी कापा असावा. तोही बरका, नुसता बुळबुळीत. पुढे तो वादळात आडवा झाला, दोघे म्हातारेही गेले, पण गडगा राहिला आणि अबोला आम्हा दोघांकडे आला. भावकीत कोणी गेलं की आम्ही एकमेकांचं सुतक पाळतो, नख कापत नाही, देवाला हात लावत नाही. फक्त समोर आलो की "कधी आलास" एवढं विचारत नाही.

म्हणजे ट्रॅक्टर कुठलाही घेतला तरी मला आधी त्याच्या ओट्यावर जाऊन, "बाबा रे, तुझा गडगा जरा मागे घे" म्हणायचं होतं. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणून तर विचार गडग्यापाशी पोचला की मला लगेच ट्रॅक्टरबद्दल नवी शंका यायची. सुटे भाग मिळतील का? चढावर पुढून उचलेल का? वॉरंटीत टायर येतो का? हातखंबेकर फार धरून बसला की मी राजापूरला जायचो, आणि राजापूरकराने विचारलं, "मग काय ठरवलंत?" की पुन्हा हातखंब्याला. बायको फक्त विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "घाईत घेण्यासारखी वस्तू नाही." गणपती गेले, भातं कापून झाली, आणि ती डाव्या हाताने केस विंचरायला शिकली.

बरं, मला नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. "कळवतो" म्हणायचं, समोरच्याने समजून घ्यायचं. पण विकणाऱ्या माणसाला ते हो ऐकू येतं. दिवाळीच्या तोंडावर लालवाल्याचा फोन आला, "सर, मंगळवारी घरीच घेऊन येतो, चालवून बघा." मी म्हटलं, या. संध्याकाळी निळावाल्याचा आला, त्यालाही मंगळवारच सोयीचा. त्या दिवशी दुसरा येतोय असं सांगायची मला भीड पडली. म्हटलं, या की. कोणीही सांगितलेल्या वेळेला येत नाही, यावर माझा आयुष्यभराचा विश्वास. एक सकाळी येईल, दुसरा बहुतेक येणारच नाही, असा माझा हिशेब.

दोघेही वेळेवर आले. पाणंदीच्या तोंडाशी एकामागे एक दोन टेम्पो, एकावर लाल ट्रॅक्टर, एकावर निळा. अर्धी वाडी जमली. ही पदराला हात पुसत बाहेर आली, तिने लाल बघितला, निळा बघितला, मग मला बघितलं.

"दोन घेताय?" तिने विचारलं.

आधी लाल उतरवला. तोंड पाणंदीत गेलं आणि मागचा मडगार्ड गडग्याच्या चिऱ्याला कर्रकन घासला, तसा तो मागे घेतला. निळा जरा अंगाने बारीक, तो थोडा आत गेला, पण मग त्याचं एक चाक पऱ्याच्या काठावर आलं, माती सुटली आणि चालवणाऱ्याने खाली उडी मारली. "मी नाही पुढे नेत," तो म्हणाला. चौघांनी ढकलून ट्रॅक्टर मागे मोकळ्यावर आणला. इतका वेळ एकमेकांकडे न बघणारे दोघे विक्रेते आता एका बाजूला झाले. लालवाला म्हणाला, "सर, वाट भरपूर आहे म्हणाला होतात." निळावाल्याने नुसती मान हलवली. समोर ओट्यावर माझा चुलतभाऊ सुपारी कातरत बसला होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "वरून आणू, सड्यावरून." सगळ्यांनी वर सड्याकडे, त्या उभ्या कातळमाथ्याकडे बघितलं. तिथून शेळीसुद्धा जपून उतरते.

ही माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जा. बोला."

"तो ऐकायचा नाही," मी म्हणालो.

"दोन हंगाम झाले, भावजी गडगा काढतो म्हणतायत. मीच नको म्हटलं."

मला आधी कळेचना. "तू बोलतेस याच्याशी?"

"तुम्ही मुंबईला होतात. घरात साप निघाला तर हाक कोणाला मारू, विम्याच्या कचेरीला?"

"मग नको का म्हणालीस?"

"तुमचे भाऊ आहेत. तुम्ही रिटायर होऊन याल, तुम्हीच बोलाल, म्हणून थांबले."

दोन हंगाम. म्हणजे खांदा जायच्या आधीच ही वाट मोकळी होत होती. मी येऊन एक वाक्य बोलेन म्हणून ही बाई डोक्यावर पेट्या वाहत राहिली, आणि मी आल्यावर हातखंबा–राजापूर फेऱ्या मारत बसलो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. तिच्याकडे बघण्यापेक्षा भावाकडे जाणं सोपं होतं, म्हणून गेलो. यात शौर्य काही नाही.

ओट्याच्या पायऱ्या चढेपर्यंत मी मनात भाषण जुळवलं. झालं गेलं विसरून जाऊ, थोरांची भांडणं थोरांबरोबर गेली, वगैरे. त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठला घेऊ रे?"

त्याने अडकित्ता खाली ठेवला. वयाने तो माझ्याहून लहान. तरी त्याने मला बसायची खूण केली, आणि दोन्ही ट्रॅक्टरांकडे नीट बघून घेतलं.

"चालवणार कोण, दादा?" त्याने विचारलं.

"मी. आणखी कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, खाली उभ्या हिच्याकडे पाहिलं. "वहिनींना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. इतके महिने मी दोन गावच्या दोन माणसांना हजार प्रश्न विचारले आणि जिची बाग, तिला "तू चालवशील का" हा एक प्रश्न विचारला नव्हता. ती बसेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तिने पेट्या वाहाव्यात, हे मात्र कधी विचित्र वाटलं नव्हतं.

मी ओट्यावरूनच विचारलं, "तू बसून बघतेस का?" वाडीसमोर ती लाजेल, नको म्हणेल, असं वाटलं होतं. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि डाव्या हाताने धरून लालवर चढली. पाय लांब केला. क्लच लांब राहिला. ती सीटच्या टोकाशी सरकली, तरी नुसता अंगठा टेकला. लालवाल्या मुलाने घाईघाईने सीट पुढे ओढायचा प्रयत्न केला, ती आणखी पुढे येईना. ती उतरली आणि निळ्यावर चढली. पाय लांब केला, टेकला. तिने क्लच पार खालपर्यंत दाबला, सोडला, परत दाबला. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. उजवा हात वर न्यावा लागत नव्हता. ती कोणाकडेच बघत नव्हती, समोर पाणंदीच्या शेवटी बागेचं पहिलं कलम दिसतं तिकडे बघत होती.

"हा," ती म्हणाली.

माझ्या मनात लाल होता. त्याची अश्वशक्ती जास्त होती. मी ओट्यावरून उतरलो.

भावाने पहार आणली. एक चिरा त्याने उचलला, एक मी. बोलणं म्हणाल तर "हा धर", "पाय सांभाळ", एवढंच. लालवाला मुलगाही बाह्या सारून हात लावायला आला, त्याचं मला वाईट वाटलं. गडगा हातभर मागे सरला तेव्हा दुपार झाली होती. निळावाल्याच्या माणसाने तिला गिअर दाखवले, तो शेजारून चालत राहिला आणि ती सावकाश, एकदाही न थांबता, बागेत गेली.

त्या हंगामात बाग कराराने गेली नाही. ट्रॅक्टर तीच चालवते. फवारणीला तीच, पाण्याला तीच. मला द्यायला ती अजून तयार नाही, आधी म्हणे रिव्हर्स शिका. मी पेट्या उचलून ट्रॉलीत ठेवतो.