कासमभाईंचा राहिलेला खिसा

कासमभाई गेल्याचा निरोप इंदापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरनं आणला, तोही दफन होऊन चार दिवस उलटल्यावर. बारामतीच्या स्टँडवर मला पाहून तो दारातूनच ओरडला, "बाई, तुमचा शिंपी गेला हो!" अशा वेळी डोळ्यांत पाणी यायला हवं. मला आला राग. आठ दिवसांवर मुंबईच्या मुलींची नवी तुकडी आली होती, आणि हा गृहस्थ काही न कळवता निघून गेला... इतकी वर्षं वैताग दिला तो कमी होता म्हणून की काय!

माझं काम व्यवसायोपचाराचं. आजारातून, अपघातातून उठलेल्या माणसाला त्याच्या रोजच्या कामात परत बसवायचं. मुंबईत शिकून मी बारामतीच्या एका लहानशा दवाखान्यात आले, आणि वर्षातून दोनदा शिकाऊ मुली महिनाभर माझ्याकडे येऊ लागल्या. कासमभाई इंदापूरचे शिंपी. लासुर्ण्याहून परतताना ते बैलगाडीवरून डोक्यावर पडले. जखम भरली, हातपाय चालू लागले. पण मेंदूला बसलेल्या मारानं दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेली, आणि गेली याचा त्यांना पत्ताच नव्हता. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून खायचे आणि बायकोवर खेकसायचे, "कालवण कुटं हाय?" अमिनाभाभी मुकाट्यानं ताट फिरवायच्या. कालवण हजर! मी भाभींवर चिडायची, कारण ताट त्यांनी स्वतः फिरवायला शिकणं भाग होतं. घरी धाकटा भाऊ शिलाईचं मशीन विकायला टपून बसला होता. मशीन गेलं असतं तर कासमभाई ओट्यावर बसून राहिले असते, कायमचे.

परीक्षा म्हणून मी त्यांना माझा एप्रन शिवायला दिला. काय टीप होती! उजव्या अंगाला दुमड घातलेला देखणा खिसा, सरळ रेघेसारखी पट्टी. डाव्या अंगाला काहीच नाही. कड तशीच, सुतं लोंबणारी. "झालं. दोन खिसं, बघा," म्हणाले. मी त्यांचा हात धरून रिकाम्या जागी ठेवला. बराच वेळ चाचपत राहिले. मग ठणकावून म्हणाले, "कुणीतरी उसवला आसंल." 

पुढचे दोन महिने मी दिवसातून चाळीसदा "डावीकडे बघा, कासमभाई" म्हणत होते. पुस्तकात तसंच होतं. एके दिवशी त्यांनी कात्री आपटली. "बाई, तुमी सारकं डावीकडं बघा, डावीकडं बघा. माज्यापुरतं डावं असतं, तर बघितलं नसतं का मी?" सगळं शिक्षण घेऊन मला हे सुचलं नव्हतं. मग तेच कुरकुरत म्हणाले, "आमी कापड हातात घेतलं की आदी बोटानं किनार धरतो. किनार घावल्याबिगर कात्री लावायची न्हाय, आसं वस्तादानं शिकीवलंय." आणि डावा हात टेबलावरून सरकवत सरकवत त्यांनी कापडाची कड गाठली. तिथं लाल दोरा टाचला. लाल दोरा दिसेपर्यंत मान वळवायची, मगच काम सुरू. ताटालाही तेच, दारालाही तेच. तीन महिन्यांनी ते इंदापूरला आपल्या मशीनवर बसले, आणि भावाला गप्प बसावं लागलं.

त्यानंतर प्रत्येक तुकडीला शिकवायला ते एस.टी.नं यायचे, आणि वर्ग माझा राहायचा नाही. मुली हटकून त्यांचा डावा डोळाच गेलाय असं धरून तो तपासायच्या. मग भडका. "डोळ्याला काय धाड भरलीया? डोळा ठणठणीत हाय!" उत्तर चुकलं की पोरीला माझ्यादेखत विचारायचे, "तुज्या बाईंनी शिकीवलं न्हाय व्हय?" आणि जाताना दर वेळी एकच भुणभुण, "बाई, तो एप्रन द्या, खिसा बसवून देतो." एप्रन वर्गात खिळ्याला टांगलेला असे. अर्धं जग हरवणं म्हणजे काय, हे मुलींना दाखवायला त्याच्याइतकं सोपं साधन दुसरं नव्हतं. "राहू द्या हो, शिकवायला लागतो," म्हणून मी त्यांना वाटेला लावायची.

गेल्या रविवारी इंदापूरला जाऊन आले. मशीनवर चादर टाकलेली होती. अमिनाभाभींनी खण उघडला आणि कागदात गुंडाळलेला एक खिसा माझ्या हातात दिला. पांढरा, दुमड घातलेला, कडेला लाल दोरा टाचलेला. कागद घड्यांवर पिवळा पडला होता.

"कवाचा शिवून ठेवलाय," भाभी म्हणाल्या. "दर बारीला संगं घिऊन जायाचे, परत आणायचे. म्हणायचे, बाई एप्रन देत न्हाईत. नव्या नव्या पोरी येत्यात, त्यांना माजं सगळ्यात वाईट काम दावत्यात. मी शिंपी हाय, येडा न्हाय."

मला तिथं बसवेना. सहा वर्षं मी मुलींना बजावत आले की रोग्याला दिसत नाही ते तुम्ही बघायला शिका. माझ्यासमोर एक माणूस वर्षातून दोनदा हात पसरून उभा राहत होता, ते मला दिसलं नाही. लाज वाटते लिहिताना.

एप्रन आता खिळ्यावरून काढून घरी आणला आहे. मुलींना शिकवायला दुसरं काहीतरी शोधीन. खिसा मीच बसवते आहे, आणि टाके इतके वेडेवाकडे पडताहेत की कासमभाईंनी सगळे उसवायला लावले असते. दोनदा उसवलेही. आता परत सुई ओवली आहे, आणि आधी बोटानं किनार धरली आहे.