पाया पडल्याची साक्ष

ज्या माणसानं मला भर बाजारात जोड्यानं मारलं, त्याच्याच मी पाया पडलो. रायपूरच्या फौजदारी कोर्टाच्या व्हरांड्यात. पहिल्याच तारखेला. वकील, पोलीस, पक्षकार, सगळे बघत असताना.

मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. धमकावलंही नव्हतं. पुकारा कधी होतो याची वाट पाहत मी भिंतीला टेकून उभा होतो. तो जिन्यावरून आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मागे फाईल धरून चालणारा वकील. तो माझ्यासमोर आला आणि माझी कंबर वाकली. मी वाकवली नाही. वाकली. हात त्याच्या बुटांना लागले, मग माझ्या कपाळाला लागले. तोंडातून निघालं, "पाया पडतो, मालक."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"खुश राह. लेकरंबाळं बरे हायेत ना गा?"

मग वकिलाकडे वळून म्हणाला, "देखा, वकील साब? अपने ही गाँव का आदमी है. बस, दिमाग का थोड़ा गरम है."

व्हरांडा हसला. एका शिपायानं दुसऱ्याला टाळी दिली. खटल्यात आरोपी तो होता. फिर्यादी मी. पण त्या क्षणी तिथं कोणालाही विचारलं असतं तर त्यानं उलटंच सांगितलं असतं.

मी सरळ झालो तोवर तो आत जाऊन खुर्चीवर बसला होता.

आमचं गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. त्याचे आजोबा तिथले मालगुजार, सगळ्या जमिनीचे धनी. मालगुजारी कायद्यानं कधीच गेली होती, पण आमच्या गावाला तसं कोणी कळवलं नव्हतं. माझा बाप त्यांच्याकडे सालानं नोकर. हा माझ्यापेक्षा वयानं लहान. पाळण्यात होता तेव्हापासून सगळे त्याला लहान मालक म्हणत. आसगावच्या बाजारातून येताना त्यांची जीप दिसली की आईचा हात माझ्या मानेवर यायचा. दाबायची. "पड लवकर, पड." मी त्या पोराच्या पाया पडायचो. तो जीपमधून पाय बाहेर काढायचा. आईचा राग नाही मला. तिला वाटायचं, पोरगा वाकलेला असला की मार चुकतो. बाप कुठे चुकवू शकला? बाप मार खायचा, आणि मार खाऊन झाल्यावर पाया पडायचा. न पडता घरी आला तर दुसऱ्या दिवशी काम नसे.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा सगळं गाव रडलं. मी रडलो नाही. त्यांचं दगडी जोतं बुडालं, आमची कुडाची झोपडी बुडाली. मला वाटलं, पाण्यानं सगळ्यांना सारखं केलं.

गाव सुटलं आणि मी रायपूरला आलो. नवं राज्य, नवी राजधानी. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. काल जिथं धान उभं होतं तिथं आज बंगले. वाढत्या शहरात माणसाला कोणी जात-गाव विचारत नाही, पोतं उचलतो का एवढंच विचारतात. मी उचललं. धान्यबाजारात हमाली केली. मग रिकामी पोती गोळा करायला लागलो. फाटकी शिवायची, झटकायची, राइस मिलला विकायची. आज जुन्या बारदानाचं, म्हणजे पोत्यांचं, माझं स्वतःचं दुकान आहे. मी शिकलेलो नाही, पण भाव करण्यात मला हरवणारा त्या बाजारात नाही. समोरचा किती वेळ गप्प बसतो यावरून मी ओळखतो की त्याला गरज किती आहे. आवाज चढवायचा तिथं चढवतो. शिव्या द्यायच्या तिथं देतो. मला लोक तापट म्हणतात. आहे.

आणि एक दिवस लहान मालक माझ्या दुकानात आला. त्यानं शहराबाहेर मिल टाकली होती. पाण्यानं सारखं केलं नव्हतं तर.

मी उठून त्याला माझी गादी दिली. चहा मागवला. तो चहा पिऊन म्हणाला, एवढं बारदान पाठव, या भावानं. भाव असा की माझ्या शिवणाऱ्या बायांची मजुरीसुद्धा निघाली नसती.

"मालक, तेवढ्यात नाही परवडत."

"तुले इचारलो का मी? सांगून राहिलो."

"गावात तुमी सांगत होते, मालक. अठी भाव मी सांगतो."

एवढंच बोललो. शिवी नाही, चढा आवाज नाही. त्यानं पायातला जोडा काढला. कॉलर धरून मला दुकानाबाहेर ओढलं आणि मारलं. माझ्या हमालांसमोर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, पोती शिवणाऱ्या बायांसमोर. "तुह्या बापानं कधी मान वर केली नाही, तू भाव करतं माह्यासंग?" माझ्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा होता. तो मी उगारला नाही. आजही मला त्याचंच नवल वाटतं.

मी पोलिसात गेलो. संध्याकाळी त्याचीही फिर्याद आली. मी त्याच्यावर आकडा उगारला, त्यानं स्वतःला वाचवलं, असं तिच्यात होतं. दोन खटले, एकच कोर्ट, एकच तारीख. एकात तो आरोपी, एकात मी. त्याची गोष्ट खरी ठरली तर गुन्हेगार मी ठरणार होतो.

तारखा सुरू झाल्या आणि मला एक रोग लागला. हेव्याचा.

कोर्टाच्या बाहेर बाकावर जागा मिळत नाही. तो आला की कोणीतरी उठायचं. मला कोणी सांगायचं नाही, पण मीही उठायचो आणि उठल्यावर स्वतःला शिव्या द्यायचो. पुकारा करणारा त्याच्या नावापुढं 'जी' लावायचा. माझं नाव आडनावाशिवाय. तो मॅजिस्ट्रेट बाईंशी त्यांच्याच हिंदीत बोलायचा, स्वच्छ. माझ्या हिंदीत आमचं गाव शिरायचं आणि टायपिस्ट मान खाली घालून हसायचा. मला त्याच्या हिंदीचा हेवा वाटला. त्याच्या शर्टाचा वाटला. त्याच्या ताठ पाठीचा सगळ्यात जास्त वाटला.

मग तो यायचाच बंद झाला. त्याचा वकील अर्ज द्यायचा, मिलचं काम आहे, तब्येत बरी नाही, आज हजेरी माफ करावी. माफ व्हायची. मी दुकान बंद करून दिवसभर उभा, आणि त्याचं तिथं नसणंही मंजूर. त्याच्या गैरहजेरीचा मला हेवा वाटायला लागला. बाजारात तो भेटला की ओळख दाखवून हसायचा, जसं काही झालंच नव्हतं. तो विसरला होता. मी जेवताना विसरत नव्हतो, बायकोशी बोलताना विसरत नव्हतो. त्याच्या विसरण्याचाही हेवा वाटला.

बायको एकदा ताट समोर ठेवता ठेवता म्हणाली, "एक गोष्ट सांगू का जी? तुमाले न्याय नाही पायजे. तुमाले त्याच्यासारखं व्हायचं हाये."

"मग काय वाईट हाये त्यात?"

"वाईट काही नाही. फक्त मंग मले तुमच्या पाया पडायले नका लावू."

मी ताट ढकललं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती बरोबर बोलली होती म्हणून.

साक्षीच्या दिवसाआधी त्यानं मला कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. वकील नव्हता सोबत. आपल्या बोलीत बोलला, गोड.

"काहून घासून राहिला गा दोघायच्या चपला? आपल्या गावचा माणूस तू. राजीनामा टाकू, आपसात मिटवून घेऊ. मिलचं सगळं बारदान तुह्याकडून. दुसऱ्याकडे पाहणार नाही मी."

ही लहान गोष्ट नव्हती. त्याची मिल पकडली असती तर बाजारातला सगळ्यात मोठा बारदानवाला मी झालो असतो. माझ्यातला व्यापारी त्या वेळी उठून उभा राहिला होता, खोटं कशाला बोलू. मी गप्प राहिलो. त्याला ते गप्प राहणं झेपेना.

"बोल ना. अजून काय पायजे?"

"एकच. माह्या दुकानासमोर या. हमाल बोलावतो, बाया बोलावतो. त्यायच्यासमोर तुमच्या तोंडानं म्हणा, मी याले मारलो. माफी मागू नका. फक्त म्हणा, मारलो."

तो हसला. मग त्याला दिसलं की मी हसत नाही. त्याचा चेहरा बदलला. तोच जुना, जीपमधला.

"लय मोठा झाला तू."

"भाव सांगितला, मालक. परवडत नसंल तर उठा."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक भाव सांगितला आणि दुसरा मनातसुद्धा धरून ठेवला नाही.

तो गेल्यावर माझ्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा काळजीत. "वो पैर छूने वाली बात ज़रूर उठाएँगे. साफ़ मना कर देना. कौन साबित करेगा?" म्हणाले, ते कबूल केलं तर आपली केस पाण्यात. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याच्या पाया पडतो, हे जगातलं कुठलं कोर्ट मानेल?

साक्षीच्या दिवशी त्याला यावंच लागलं. मला त्याला ओळखून दाखवायचं होतं. दाखवला. मारल्याचं सांगितलं. मग त्याचा वकील उठला. पहिले प्रश्न आकड्याचे. मी उत्तरं देत राहिलो. मग तो थांबला, चष्मा पुसला.

"पहली पेशी पर आपने इसी कोर्ट के बरामदे में आरोपी के पैर छुए थे. सही है?"

माझे वकील मागच्या रांगेतून माझ्याकडे बघत होते. मान किंचित हलवली त्यांनी. नाही म्हण.

मला व्हरांड्यातलं हसणं ऐकू आलं. लाज अंगावर चढली, कानापर्यंत. नाही म्हटलं असतं तर ती लाज झाकली गेली असती. पण त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं की लाज झाकायचंच काम मी जन्मभर केलं. बापाची झाकली, माझी झाकली. आणि आमच्या झाकण्यावरच तो मोकळा फिरला. वाकायला शिकवलं त्यांनी, आणि आता वाकल्याचाच पुरावा करून मला खोटं पाडायला निघाले.

"हाँ. छुए."

वकील मॅजिस्ट्रेट बाईंकडे पाहून हसला. "जिसने जूते से मारा, उसके पैर कोई छूता है क्या?"

"हमारे गाँव में उसी के छूते हैं, साहब."

टायपिस्टचे हात थांबले. वकील म्हणाला, "मैडम, गवाह हाँ या ना में जवाब दे."

मी थांबलो नाही. माझ्या हिंदीत गाव शिरलं, शिरू दिलं. म्हणालो, माझा बाप यांच्या घरी मार खायचा आणि मग पाया पडायचा. नाही पडला तर दुसऱ्या दिवशी काम नाही. मला लहानपणी मान दाबून शिकवलं. मार नसता खाल्ला तर त्या दिवशी व्हरांड्यात मी यांना भाव सांगितला असता. मारलं म्हणूनच पाय शिवले. पाहिजे तर हेसुद्धा लिहा.

वकिलानं पुन्हा हरकत घेतली. मॅजिस्ट्रेट बाईंनी हात वर केला. टायपिस्टला सांगायला लागल्या, "लिखिए. यह कहना सही है कि मैंने पहली पेशी पर आरोपी के पैर छुए थे." मग थांबल्या. "साक्षी ने स्वतः कहा कि..."

न विचारता साक्षीदार आपणहून जे बोलतो, त्याच्याआधी तिथल्या कोर्टात हे शब्द लिहितात, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझं एकेक वाक्य सांगितलं आणि यंत्रातून ते कागदावर उतरलं. बाप उतरला. दाबलेली मान उतरली. तो कोपऱ्यात उभा होता, ऐकत. पहिल्यांदा त्याला ऐकावं लागत होतं आणि बोलायची परवानगी नव्हती.

निकाल लागलेला नाही. माझे वकील अजून माझ्यावर चिडलेले आहेत. कबुलीनं केस कच्ची झाली म्हणतात. आकड्याच्या खटल्यात मला शिक्षाही होऊ शकते म्हणतात. होईल. त्याच्या वकिलानं पुन्हा राजीनाम्याचा निरोप पाठवला आहे, या वेळी मिलच्या बारदानासोबत आणखी काय काय जोडून. मी निरोप्याला चहा पाजला आणि रिकामा पाठवला.

हेवा गेला का? नाही गेला. तो अजून खुर्चीवर बसतो, मी अजून त्या खुर्चीकडे बघत उभा असतो. लोक सांगतात, हेवा सोड, मन शांत होईल. मला शांत मन नको आहे. ज्यांच्याकडे आधीपासून सगळं आहे त्यांनी शांत राहावं. हा हेवा मला तारखेला सकाळी उठवतो, दुकानाला कुलूप लावायला लावतो, जिना चढवतो.

खालच्या कोर्टात हरलो तर वरच्या कोर्टात जाईन. तिथं हरलो तर त्याच्या वर. तो माझ्या दुकानासमोर येऊन आपल्या तोंडानं म्हणेपर्यंत मी राजीनाम्यावर सही करणार नाही. त्याच्या मिलचं एक पोतंसुद्धा शिवणार नाही.