सत्यशीलेनं परत केलेला काटा

आर्णीकडच्या त्या गावात सत्यशीलेचा आवाज आधी पोचायचा, सत्यशीला मागाहून. कापूस वेचणाऱ्या पंधरा बायांची ती म्होरकी. तिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप नव्हती, एक उत्तमसिंग राठोड सोडून.

उत्तमकाका तांड्यावरचे, सत्तरी ओलांडलेले. तीस वर्षं बांधावर उभं राहून बायांनी वेचलेला कापूस तेच काट्यावर मोजत आलेले. रोज संध्याकाळी दोघांची जुंपायची.

"काका, डोळे फुटले काय? काटा पाहा नीट!"

"तुह्या गाठोड्यात दगडं हायेत, बाई!"

ही करमणूक चुकू नये म्हणून बाकीच्या बाया आपली पात लवकर आटपायच्या.

बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या साली वेचणी अर्ध्यावरच थांबली. काकांची बायको आदल्या वर्षी गेलेली, लेक पुण्यात. एका सकाळी काका सत्यशीलेच्या दारी आले आणि काटा तिच्या हातात ठेवला. "ठेव तुले. मले आता काय कराचा?"

ती हरखली. काटा हातात म्हणजे बांधावरचं राज्यच की! पण दुपारी पाण्याला गेली तर तिच्या वेचणीतली जमनी सांगत होती, काकांनी शेळी तिला देऊन टाकली. न्हाव्याला अडकित्ता मिळाला होता. म्हातारा दानशूर झाला म्हणून सगळ्यांना कौतुक. सत्यशीलेला मात्र जुनी गोष्ट आठवली. तिच्या सासऱ्यानंही असंच एकदा आपलं घड्याळ तिच्या नवऱ्याच्या मनगटावर बांधलं होतं. आठच दिवसांनी सासऱ्यानं जीव दिला. तेव्हा कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि ते तिला अजून खुपायचं.

घागर तिथंच टाकून, घरून काटा खांद्यावर घेऊन ती तांड्यावर गेली. काका खाटेवर बसले होते.

"काका, खरं सांगा. जीव द्याचं मनात हाय काय?"

इतकं सरळ कुणी विचारेल असं काकांना वाटलं नव्हतं. आधी त्यांनी तिच्या खांद्यावरच्या काट्याकडे पाहिलं. मग "हाय, पोरी," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. तीही रडली. तिला रडतानाही आवाज आवरत नसे, त्यामुळे अर्धा तांडा गोळा झाला.

त्या रात्री तिचा नवरा काकांच्या ओसरीत झोपला. सकाळी तिनं काकांना सरकारी दवाखान्यात नेलं, वाटभर भांडत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. लेक पुण्याहून आला. न्हाव्यानं अडकित्ता आणून दिला, जमनीनं "लय मारकी हाय" म्हणत शेळी आणून बांधली. तरी एखादा दिवस वाईट जायचाच. तसं झालं की काका आपणहून सत्यशीलेच्या ओट्यावर येऊन बसायचे.

पुढच्या वेचणीला काका पुन्हा बांधावर, काटा हातात. "दगडं हायेत, बाई!" ऐकून सत्यशीलेला एवढं बरं वाटलं की काय सांगावं. तरी तिनं शिवी हासडलीच.

थंडीत ती मुकुटबनला लेकीकडे निघाली, तेव्हा काका एसटीच्या थांब्यावर आले आणि आपली घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली. कधी नव्हे ते तिच्या तोंडून शब्द फुटेना.

काकांनी ते ओळखलं.

"अवं, देऊन नाई राह्यलो. उसनी हाय. सोमवारी परत पाह्यजे मले."