बटणनं मान डोलावली

आईच्या शिवणाच्या दुकानात एक रीत होती. गिऱ्हाइकापुढे बोलायचं आईनं, मान डोलवायची तिच्या लेकीनं, बटणनं. कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसायची आणि आई खुशाल सांगायची, "झालंय हो, नुसती काजं राहिलीत. हो की नाही गं बटण?" बटण मान डोलवायची. गिऱ्हाईक वळलं की दोघी खिदळायच्या.

बटण जन्मली ती मुलगा म्हणून. पंधराव्या वर्षी "मी मुलगी आहे" म्हणाली आणि दार लावून पडून राहिली. नातेवाइकांनी तोंडं फिरवली. आईनं मात्र जुने शर्ट उसवून झगे शिवले. कुणी हसलं तर म्हणायची, "मापं मी घेतलीत. तुम्हाला काय कळतंय?" म्हणून तर बटणचा आईवर डोळे झाकून भरवसा.

आई माप घ्यायची तेव्हा गिऱ्हाइकाचं बाळ बटणच्या कडेवर असायचं. एकदा बटण म्हणाली, "माझं लेकरू मला आईच म्हणेल ना गं?" आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं तेच माप पुन्हा घेतलं.

शरीर मुलीसारखं होण्याची औषधं सुरू करायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मागे आईंशी बोलले होते, ते त्यांनी तुला समजावलं ना?"

"सगळं झालंय बोलून," आई म्हणाली. "तिला नकोय. हो की नाही गं बटण?"

बटणनं मान डोलावली. वाटेत विचारलं, "काय नकोय मला?"

"काही नाही गं, एक जादाची सुई."

अठरा पूर्ण झाल्यावर बटण पहिल्यांदा एकटी तपासणीला गेली. लाजत लाजत म्हणाली, "मला पुढे मूल होईल का हो?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अगं, या औषधांनी बीज आटतं, म्हणून तर आधी ते काढून गोठवून ठेवू म्हटलं होतं. तू नको म्हणालीस." मग सावकाश सांगितलं, की आता काही महिने औषधं थांबवून बघता येईल. दाढी परत दाट होईल. आणि एवढं करून बीज मिळेलच असं नाही.

घरी आई शिलाई घालत होती. बटणनं मशीनचं चाक हातानं धरलं.

"जादाची सुई होय गं?"

आईला लगेच कळलं. "ते बीज काढायचं म्हणजे तुला पुन्हा बाप्या म्हणून दवाखान्यातल्या बंद खोलीत पाठवायचं. तू बंद दाराआड पडली होतीस तेव्हा बाहेर मी बसले होते, बटण. पुन्हा ते दार लावलं असतंस तर?"

"मग तसं सांगायचं मला. मी रडले असते, नाही म्हणाले असते, नाहीतर गेलेही असते. मूल हवंच होतं असं कुठं म्हणतेय मी? कधी वाटतं हवं, कधी वाटतं कुणाचं तरी पोरकं घरी आणावं. पण नको म्हणायचं होतं ते मी. तू मला गिऱ्हाईक केलंस, आई. आणि मान माझीच वापरलीस."

दारात शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या. "झाला का माझा ब्लाऊज?"

आईनं पदरानं नाक पुसलं. सवयीनं तोंडावर हसू आलं. "झालाय की! नुसते हुक राहिलेत. हो की नाही गं बटण?"

बटणनं फळीवरचं कापड काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं ते बाईंच्या हातात ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून बेतलंसुद्धा नाही."