भोंगेवाल्याची तानूबाई

एखाद्या सिनेमाची किळस येईल, असं गुरुनाथ खांबेटे यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. आणि आली ती नेमकी त्यांच्या लाडक्या सिनेमाची.

माणूस साधा. जन्म पाटणचा, सगळी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. बायको गेल्यावर ते दर उन्हाळ्यात मुलाकडे, निहारकडे, नेदरलँड्समधल्या आल्मेरेला येत. त्या वर्षी फेब्रुवारीतच आले आणि मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली. शाळा बंद, ऑफिस बंद. निहार जेवणाच्या टेबलावर काम करी, सूनबाई आसावरी वरच्या खोलीत. खाली आजोबा आणि नऊ वर्षांची इरावती, एकमेकांकडे बघत.

अडचण भाषेची होती. इरावतीला मराठी कळे, पण उत्तर डचमध्ये येई. आजोबांना डच शून्य, आणि इंग्रजी त्यांच्या तोंडून चटकन निघत नसे. पहिले दिवस दोघांनी मान हलवण्यात काढले. मग एका दुपारी, घरामागच्या कालव्याकाठी बदकांना बघत असताना, गुरुनाथरावांनी तिला तानूबाईची गोष्ट सांगायला घेतली.

ती गोष्ट पाटणला लहानपणी तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिलेल्या जंगलच्या सिनेमाची. एका गोऱ्या शिकारी साहेबाचे सिनेमे दरवर्षी एक याप्रमाणे निघत. हा त्यातला सातवा की आठवा. बोलणं सगळं इंग्रजी, म्हणून पडद्याशेजारी स्टुलावर एक माणूस पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राही आणि चित्र पुढे सरके तसं मराठीतून सांगे. साहेबाचं नाव त्याने ठेवलं होतं धोंडीसाहेब. धोंडीसाहेब ताकदीचा, पण अकलेने बेताचा. त्याला वाट दाखवायची ती जंगलातल्या म्हाताऱ्या तानूबाईने. तिच्या शब्दाबाहेर हत्ती जात नसत.

ही तानूबाई इरावतीच्या मनात भरली. चार वाजले की ती हात धरून आजोबांना कालव्यावर नेई. पुढे ऐकायचं तर मराठीत विचारायचं, हा तिनेच लावलेला नियम. "मग तानूबाई काय बोलली?" हे तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य. आसावरीने ते वरच्या खिडकीतून ऐकलं आणि रात्री भाजी वाढताना सासऱ्यांना दोनदा सांगितलं. परत जाताना आपण या पोरीला एवढं देऊन जाऊ, असं गुरुनाथरावांना वाटू लागलं. दुसरं त्यांच्यापाशी काही नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी त्यांची पंचाहत्तरी आली. हॉल रद्द झालेला, मित्रमंडळी आपापल्या घरात. आसावरीने औक्षण केलं, आणि निहारने मोठ्या आनंदाने जाहीर केलं की बाबांचा तो सिनेमा त्याने इंटरनेटवर शोधून काढला आहे. दुपारी पडदे ओढून चौघे टीव्हीसमोर बसले. इरावती आजोबांना अगदी चिकटून.

पहिल्या पाच मिनिटांतच साहेबाने एका हमालाच्या पाठीत चाबूक ओढला. हमाल म्हणजे अंगाला काळा रंग फासलेला कुणी गोरा. घामाने मानेवरचा रंग ओघळत होता. दुसरा हमाल कड्यावरून पडला. साहेबाने विचारलं, त्याच्या डोक्यावरच्या पेटीत काय होतं. उत्तर ऐकून पडद्यावरचे सगळे हसले. पुढे तारेने जखडलेला वाघ, आणि त्याच्याशी झुंजल्याचं नाटक. वाघाच्या तोंडाला फेस आलेला, तो मात्र खरा.

"बंद कर ना, निहार," आसावरी म्हणाली.

"थांबा जरा," गुरुनाथराव म्हणाले. "तानूबाई यायचीय अजून."

ती आली. मेणाचे दात, चिकटवलेलं नाक, डोळ्यांभोवती चुना. तिच्या तोंडी शब्द एकही नव्हता, नुसतं किंचाळणं. साहेबाने तिला ज्या घाणेरड्या नावाने हाक मारली, ते इरावतीला इंग्रजीत नीट कळलं. शेवटी हत्ती बिथरले आणि म्हातारी त्यांच्या पायांखाली गेली. मागे बँड वाजत होता, लग्नाच्या वरातीत वाजावा तसा.

"फीस," इरावती म्हणाली. घाण. आणि ती आजोबांपासून सरकून बसली.

गुरुनाथरावांनी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. तरी तोंडाची कडू चव जाईना. वाढदिवसाची बासुंदी त्यांनी बाजूला सारली. सिनेमाची किळस होतीच. पण आपण पोरीला अंगाशी घेऊन, थांबा म्हणून, हे बघायला लावलं, याची त्यांना जास्त शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. इरावती टॅबलेट घेऊन कोपऱ्यात बसून राहिली. पुढचे दोन दिवस तसेच गेले. गुरुनाथराव एकटेच कालव्यावर जात आणि लगेच परत येत. त्यानंतरच्या दिवशी ती मागोमाग आली आणि डचमध्ये नाही, मराठीत म्हणाली, "तू खोटं सांगितलंस."

तेव्हा त्यांनी तिला भोंगेवाला सांगितला. स्टूल, पत्र्याचा भोंगा, कंदिलाचा वास, सगळं.

"त्याला इंग्लिश येत होतं?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात पडला नव्हता. ते आठवू लागले. शेवटी हत्ती धावू लागले की भोंगेवाला स्टुलावरून उतरे, पडद्याच्या अगदी पुढ्यात येई आणि ओरडे, "तानूबाई नदीत उतरल्या, आणि बघा, पलीकडच्या काठाला लागल्यासुद्धा." त्याची सावली पडद्यावर पडे, लोक शिव्या घालत. म्हातारीचं काय झालं, ते पाटणमध्ये कुणालाच दिसलं नव्हतं.

"येत असणार," ते सावकाश म्हणाले. "म्हणून तर मध्ये उभा राहायचा."

इरावती काठावर मांडी घालून बसली. मग तिने पुढची गोष्ट सांगायला सांगितली. त्यांनी तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे ते मेणाचे दात आले.

"मला नाही जमत आता," ते म्हणाले.

"मग मी सांगते. तानूबाई पाण्यातनं वर आली. धोंडीसाहेबला ती म्हणाली, तू घरी जा. फिट्सवर जा." सायकलवर.

गुरुनाथरावांनी डोळे मिटले, तर तो चुन्याचा चेहरा पुन्हा समोर. त्यांनी घाईने डोळे उघडले आणि कालव्यातल्या एका बदकावर नजर लावून ठेवली. पोर चुकत, अडखळत सांगत होती.

"मग काय बोलली तानूबाई?" त्यांनी विचारलं.