मॅटखालची भेग

घाटंजीच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. तालुक्याची गाऱ्हाणी माझ्याच अक्षरातून साहेबांपुढे जातात आणि माझा मसुदा सहसा परत येत नाही, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. त्या सकाळी एका बाईंच्या वारसनोंदीचा अर्ज अर्ध्यावर आला असता आमच्या क्रिकेट क्लबचा प्रफुल मोटरसायकल बंद न करताच ओरडला, "काकाजी, चला लवकर! दिगूभाऊ मैदानावर पडून हायेत." मी टोपण लावले. पोहोचलो तेव्हा दिगांबर अर्धवट ठोकलेल्या मॅटवर पालथा पडलेला होता. हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. हातोडी मात्र मुठीतून सोडवावी लागली...

जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणारा हा माणूस वीस-एक वर्षे आमचा कर्णधार आणि एकमेव खरा वेगवान गोलंदाज होता. आमच्याकडे चेंडू चामड्याचा आणि जमीन काळी. म्हणून खेळपट्टीवर काथ्याची मॅट अंथरून कडेने लोखंडी खिळे ठोकतात. हे काम यजमान कर्णधाराचे, असा प्रघात. इतर गावांचे कर्णधार ते पोरांवर सोपवतात. दिगांबरने आपली हातोडी कधी कुणाच्या हाती दिली नाही. सामन्याच्या दिवशी उजाडताच तो मैदानावर हजर असे. अनवाणी चालून तळव्यांनी जमीन चाचपे आणि मगच मॅट उलगडे. मी बालपणापासूनचा मित्र आणि क्लबचा सचिव, या दुहेरी नात्याने चहाची किटली घेऊन शेजारी उभा राहत असे.

वाचकांना ठाऊकच आहे की काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. आमच्या मैदानावरची एक भेग मात्र दरवर्षी त्याच जागी तोंड उघडते. एकदा मी म्हणालो, "दिगू, दोन घमेली मुरूम टाकून बुजवून टाक ना हे."

तो खाली बसला. भेगेवर हात फिरवत हसला. "कायले बुजवू? जमीन हाय, तिले बी तोंड असते."

"अन् कोणाले लागलं तं?"

"तुमी कागदाचं पाहा, अर्जनवीस. जमिनीचं मी पाहून राह्यलो."

आणि त्याने मॅट अशी अंथरली की भेग बरोबर त्याच्या टप्प्याखाली यावी. तेथे पडलेला चेंडू कधी घोट्याशी सरपटे, कधी कानाशी उसळे. बाहेरचे संघ त्याला मनगटाची जादू म्हणत. आम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. चषक येत होते.

मग महागावचा सलामीवीर शेषराव आला. फार देखणा खेळत होता तो. दिगांबरचा एक चेंडू त्या जागेवरून उठला आणि शेषरावाच्या डोळ्यावर बसला. आवाज सीमारेषेपर्यंत आला. दिगांबरने त्याला लहान लेकरासारखे उचलून जीपमध्ये घातले आणि यवतमाळच्या दवाखान्यात उशाशी बसून राहिला. डोळा गेला. परतल्यावर दिगांबर आठवडाभर जेवला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढच्या हंगामात त्याने एक हेल्मेट आणले. समोरच्या प्रत्येक फलंदाजाला ते तो स्वतः घाली, हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळी, "टाईट झालं का गा?" असे मायेने विचारी... आणि मागे जाऊन धावत येई. मॅट त्याच जागी होती.

त्याला ओळखणाऱ्यांनी आता न्याय करायचा आहे. प्रेमळ होता म्हणावे, तर भेग आड येते. क्रूर होता म्हणावे, तर तो पट्टा आड येतो. मैदानाला त्याचे नाव द्यावे, असा क्लबचा अर्ज अर्थातच मीच लिहिला. त्यात शेवटी 'तत्पूर्वी सदर भेग बुजविण्यात यावी' असे वाक्य घातले. नवा कर्णधार झालेल्या प्रफुलने ते खोडले.

"काकाजी, भाऊंनं जिथं मॅट टाकली तिथंच पडन. बोटभर बी सरकनार नाही. तेच त्याहीची आठवण हाय."

"अरे, त्या आठवणीनं एकाचा डोळा खाल्ला."

"तुमाले खेळातलं काय समजते?" सारे हसले.

मॅट हलणार नाही, ही बातमी महागावला गेली. परवा शेषराव माझ्या टेबलाशी आला. अर्ज लिहून हवा असेल, असे वाटून मी कागद पुढे ओढला. तो म्हणाला, "नाही जी. भाऊले मी कवाच माफ केलं. लय जीव लावला त्याहीनं मले. पोराच्या लग्नात सकाळपासून वाढाले होते."

"मग?"

"रविवारी भाऊच्या नावानं सामना हाय. आमच्याकडून पहिला माहा पोरगाच उतरते." त्याचा चांगला डोळा माझ्यावर स्थिर होता. "मी सांगतलं, नको जाऊ. तो म्हनते, बाबा, आता कोन हाय तिथं भ्यासारखं?"

म्हणून हा लेख. माझ्या मित्राला थोर म्हणायला मी आजही तयार आहे, फक्त मुरूम पडल्यावर. भेग तशीच राहिली, तर त्याचे नाव कमानीवर कोरा की कोरू नका, तो लक्षात राहील मॅटखालच्या त्या जागेनेच.

काल संध्याकाळी मैदानावर जाऊन आलो. यंदा ऊन फार आहे. टिनाच्या खोलीत मॅट गुंडाळून ठेवली होती, तिच्यावर हातोडी, तिला ताजा हार. भिंतीवर हेल्मेट टांगलेले, पट्टा सुटा लोंबत होता. बाहेर पोरांनी चुन्याने खेळपट्टी आखून ठेवली होती, जुन्याच जागी. मी भेगेत काठी घातली. मुठीपर्यंत आत गेली, तरी टोकाला काही लागले नाही.